वीज-परत : शून्य तास

बुधवारी सकाळी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तासांचं वाटप लागलं आणि वृषाली फडतरेनं आधी चष्मा पुसला. काचेवर डाग असेल, डोळ्यात काही गेलं असेल. पुसून पुन्हा पाहिलं. 'पडद्याची भाषा आणि रंग : दोनशे बारा तास.' 'औषधाचं प्रमाण : एकशे नव्वद.' खाली खाली जात शेवटच्या पाच ओळींत नुसती शून्यं, आणि त्यातली पहिली ओळ : 'वीज-परत : शून्य.'

वीज-परत म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतली ही कंपनी घरी बसून डायलिसिस करायचं मशीन बनवायची. 'निर्झर' नाव त्याचं. लहानशा कपाटाएवढं. किडन्या गेलेल्या माणसानं आठवड्यातून तीनदा एसटीनं शहर गाठायचं, ते या मशीननं थांबवलं. सरकारी योजनेतून अकरा हजार घरांत ते पोचलं होतं. खुर्चीत बसायचं, हाताला नळ्या जोडायच्या. रक्त एका नळीनं बाहेर येतं, गाळलं जातं, दुसऱ्या नळीनं परत अंगात जातं. त्या परतीच्या नळीवर एक डोळा बसवलेला असतो. बुडबुडा दिसला की तो नळीवरचा चिमटा मिटवतो, कारण रक्तात हवा गेली की माणूस जातो. आता मध्येच लाईट गेली आणि आली, तर मशीननं कोणत्या क्रमानं उठायचं, आधी डोळा उघडायचा की आधी पंप फिरवायचा, हे ठरवणारा सॉफ्टवेअरचा तुकडा म्हणजे वीज-परत. पुण्या-मुंबईच्या टॉवरमध्ये तो वर्षातून एकदा जागा होतो. माण तालुक्यात दिवसातून पाचदा.

आणि त्याच्या तपासणीला शून्य तास.

वाटप माणसं करत नव्हती. तीन वर्षांपूर्वी कंपनीनं 'तराजू' आणला होता. त्यामागचं शास्त्र काही जादूचं नाही. नवा कोड तपासायला घेतला की पहिल्या दहा तासांत पन्नास चुका हाती लागतात, पुढच्या दहात वीस, मग सात, मग एखादी. जिथे चुका अजून भराभर सापडतायत तिथे आणखी पुष्कळ दडलेल्या असणार. जिथे सापडायच्या थांबल्या तिथे संपत आल्या असणार. तराजू प्रत्येक तुकड्याची जुनी नोंदवही वाचायचा, त्यावरून उरलेल्या चुकांचा अंदाज बांधायचा, त्या अंदाजाला धोक्यानं गुणायचा, आणि हातात असलेले तास असे वाटायचा की शेवटी शिल्लक धोका सगळ्यांत कमी राहील. गणित चोख होतं. इतकं चोख की साठ टेस्टरपैकी एक्कावन्न जण घरी गेले. उरलेले नऊ जण आणि रात्रंदिवस चालणाऱ्या तपासणीच्या मशीनांचे मिळून नऊशे तास, त्यात शुक्रवारी अकरा हजार घरांत जाणारी नवी आवृत्ती तपासायची.

पण गणिताला नोंद लागते. टँकरसारखंच असतं हे. ज्या गावाचा अर्ज आला त्या गावाला तहान. ज्याचा आला नाही ते गाव कागदावर पाण्यानं तुडुंब. वीज-परतच्या नावावर सहा वर्षांत एकही चूक नोंदलेली नव्हती. आणि शून्याला धोक्यानं कितीही गुणा.

का नव्हती, हे जगात दोन माणसांना ठाऊक होतं. एक वृषाली, उरलेल्या नऊ टेस्टरांतली. दुसरा तिचा नवरा हर्षद, ज्यानं वीज-परत लिहिलं होतं.

याला आपल्याकडे भीड म्हणतात, आणि भल्या माणसाचं लक्षण म्हणून ती मिरवतात. ऑफिसात रीतच होती. चूक सापडली की ती नोंदायची नाही, आधी उठून त्या माणसाच्या टेबलाशी जायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि हळू आवाजात सांगायचं, "अरे, तुझ्या त्या तुकड्यात जरा बघ." तो दोन ओळी टाकायचा, चहा पाजायचा. नोंद नाही, चौकशी नाही, बढतीच्या वेळी कोणाच्या नावापुढे लाल आकडा नाही. जो नोंदवायचा तो चहाडखोर. मोठ्या आवाजात दर्जाच्या गप्पा मारणारी सगळी मंडळी याच रीतीनं वागत होती. वृषालीला तर टेबलापर्यंतसुद्धा जावं लागत नव्हतं. ती संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता सांगायची. हर्षद दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त करून टाकायचा. सहा वर्षं. गेल्या वर्षी त्याला कंपनीनं 'निर्दोष अभियंता' म्हणून शाल दिली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत वृषाली पुढच्या रांगेत होती.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता तपासणीच्या खोलीत गेली. तिथे मशीनला माणसाऐवजी एक प्लास्टिकचा कॅन जोडलेला असतो आणि नळ्यांतून बिटाच्या रसासारखं लाल पाणी फिरतं. तिनं मशीन सुरू केलं, पाच मिनिटं चालू दिलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. लाईट गेली. बटण सुरू. मशीन शहाण्यासारखं उठलं. आधी डोळा, मग चिमटा, मग पंप. ठीक. तिनं पुन्हा बटण बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं, पण या वेळी लागोपाठ दोनदा. खेड्यात लाईट अशीच येते. येते, झपकते, जाते, मग खरी येते.

दुसऱ्या झपक्यानंतर पंप फिरायला लागला. डोळा मिटलेला होता. चिमटा उघडा. परतीच्या नळीत बोटभर लांबीची हवेची कांडी तयार झाली आणि सावकाश, काही घाई नसल्यासारखी, कॅनकडे निघाली. मशीननं साधं 'टुक' केलं नाही. पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं : उपचार सुरळीत चालू आहे.

वृषालीनं पंप बंद केला. ही चूक तिच्या ओळखीची होती. हीच, अगदी हीच, तिला सहा वर्षांपूर्वी सापडली होती. हर्षदनं तीन ओळी टाकून ती बुजवली होती.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. समोर नोंदीचा संगणक होता. 'जीवघेणा' असा शिक्का मारून नोंद केली की ती आवृत्ती जिथे जिथे असेल तिथे दहा मिनिटांत आपोआप थांबते, हा नियम तिला पाठ होता. ती त्या संगणकाशेजारून चालत गेली आणि हर्षदच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. सवय.

"जरा बघ," ती हळू आवाजात म्हणाली. "दोनदा झपका दिला की डोळा उघडत नाही. तुझ्या त्या तीन ओळी गेल्यात कुठेतरी."

हर्षदनं वर पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांचा, गोल चेहऱ्याचा, कोणावर आवाज न चढवणारा माणूस. त्यानं आधी आजूबाजूला पाहिलं.

"गेल्या नाहीत," तो म्हणाला. "काढल्या."

"कोणी?"

"लेखनिकानं."

नवी आवृत्ती माणसांनी लिहिलेलीच नव्हती. कोड लिहिणारा एक प्रोग्राम होता, त्याला सगळे लेखनिक म्हणायचे. त्याला मशीनचे नियम द्यायचे, जुना कोड द्यायचा आणि चुकांची नोंदवही द्यायची. जुन्या कोडातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते तो शोधायचा. जिला नियमात कारण नाही आणि नोंदवहीतही कारण नाही, ती ओळ फालतू. काढून टाकायची.

"म्हणजे मी पोळ्या लाटताना सांगितलेलं सगळं..." वृषाली खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"सगळं," हर्षद म्हणाला. "किती होते गं?"

"मला काय माहीत. पन्नास-साठ."

"हळू बोल."

"मग टाक ना परत त्या ओळी."

"नोंद असल्याशिवाय लेखनिक हात लावू देत नाही आता. ऐक, घाबरू नकोस. आजच सापडली म्हणून एक चूक नोंदव. शिक्का 'मध्यम' मार. जीवघेणा मारलास तर चौकशी लागते, मग ते मागचं सगळं खणतात. मध्यम पुरे. तेवढी एक दुरुस्त होईल."

"आणि बाकीच्या?"

"संध्याकाळी घरी बोलू."

चार वाजता तिनं नोंद केली. आजची तारीख, शिक्का मध्यम. पडद्यावरचं वाटप थरथरलं आणि स्थिर झालं. वीज-परत : चार तास. सहा वर्षांत एकच मध्यम चूक, त्याला चार तास म्हणजे तराजूच्या मतानं रग्गड होते.

संध्याकाळी सहाला घरी आल्या आल्या वृषालीनं स्वयंपाकघरातलं फडताळ रिकामं करायला घेतलं. डाळीचा डबा, गुळाचा डबा, रव्याचा, शेंगदाण्याचा. सगळे ओट्यावर. डब्यांखाली जुन्या कॅलेंडरांची पानं अंथरलेली होती, वर्षानुवर्षांच्या थरांनी, जशी प्रत्येक घरात असतात. तारखांच्या चौकटीत तिच्याच बारीक अक्षरात खुणा : 'दूध नको.' 'गॅस लावला.' 'ताईंचा फोन.' आणि मध्येमध्ये, हर्षदला सांगायला विसरू नये म्हणून : 'वी.प. दोनदा झपका.' 'वी.प. बॅटरी दहा टक्के, उलट मोजतं.' 'वी.प. लाईट येताना हीटर आधी.' तेलाचे डाग पडले होते, पण अक्षर वाचता येत होतं.

हर्षद दारात उभा राहून बघत होता.

"काय करतेयस?"

"मोजतेय. सदुसष्ट झालेत. दोन पानं अजून मिठाच्या बरणीखाली आहेत."

"वृषा, हे तू दाखवलंस तर मी संपलो. नुसती नोकरी नाही. वैद्यकीय मशीनमधली चूक लपवणं गुन्हा आहे आता. आणि लपवणारे दोघं. तू पण."

"मी पणच. मी कुठे नाही म्हणतेय?"

"मग कशाला? शुक्रवारी जाऊ दे आवृत्ती. पुढच्या महिन्यात मी एकेक करून टाकून घेतो."

"आणि महिनाभर? शरयूताई दर खेपेला मरणाच्या तोंडात बसणार खुर्चीवर. सख्खी बहीण आहे तुझी."

शरयूताई म्हणजे हर्षदची थोरली बहीण. माण तालुक्यात दिलेली. मागच्या डोंगरावर पवनचक्क्यांची रांग आणि घरात दिवसातून पाचदा अंधार. चार वर्षं निर्झरवर होती.

"ताईचं मी बघतो," हर्षद पटकन म्हणाला. "तिचं मशीन उद्या सकाळी यादीतून काढतो. तिला जुनीच आवृत्ती राहील. आतून होतं ते, कोणाला कळत नाही."

वृषालीच्या हातात मिठाची बरणी होती. ती तशीच थांबली, कारण एक क्षण तिला बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं; ताईंचं भागलं. मग त्या बरं वाटण्याचीच तिला शिसारी आली.

"आणि उरलेल्या दहा हजार नऊशे नव्व्याण्णव जणांना कोण भाऊ आहे आत?"

हर्षद आत आला. त्यानं डबे पुन्हा फडताळात लावायला घेतले. चुकीच्या जागी लावत होता.

गुरुवारी सकाळी साडेआठला वृषाली कॅलेंडरची पानं पिशवीत घालून टिपणीस मॅडमच्या खोलीत गेली. टिपणीस मॅडम विभागप्रमुख; कोरड्या, नेमकं बोलणाऱ्या. मागून हर्षद आला. त्याला बोलावलं नव्हतं. ती काय सांगते ते ऐकायला आला की तिला थांबवायला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

मॅडमनी पानं उलगडली. तेलकट वास सुटला. त्यांनी फक्त विचारलं, "किती?"

"एकोणसत्तर."

"आणि या सगळ्या नव्या आवृत्तीतून गेल्यात?"

"झपक्याची गेलीय. मी स्वतः तपासली. बाकीच्याही गेल्याच असणार. शुक्रवारी पाठवू नका, एवढंच सांगायला आलेय. माझं काय करायचं ते नंतर करा."

टिपणीस मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शुक्रवारी सगळीकडे जाणार होती," त्या म्हणाल्या. "मंगळवारी संध्याकाळी चाळीस मशीनवर गेलीच आहे. आधी थोड्यांवर चालवून बघतात तशी. मेल आली होती की सगळ्यांना."

आली होती. दिवसाला साठ मेल येतात, त्यातली एक.

"कोणती चाळीस?" हर्षदचा आवाज फुटला.

"तराजूनं निवडलेली. ज्या घरांतून कधी एकही तक्रार आली नाही ती घरं. तिथे मशीन सगळ्यांत स्थिर, म्हणून धोका कमी." मॅडमनी यादी पडद्यावर घेतली.

अकरावं नाव : शरयू वीरकर.

आता ऐका, ताईंची तक्रार का नव्हती. मशीन भरपूर वेळा अडायचं. पण मदतकेंद्राला फोन केला तर आपल्या भावाच्या कामाला नाव लागेल, म्हणून ताई चार वर्षं थेट भावाला फोन करत होत्या. तोंडी. कॅलेंडरात लिहिलेलं होतं की : 'ताईंचा फोन.' 'ताईंचा फोन.' 'ताईंचा फोन.'

गुरुवार होता. मंगळ, गुरू, शनी हे ताईंचे दिवस. सकाळी सातला बसायच्या.

हर्षदच्या हातातून मोबाईल दोनदा निसटला. वृषालीनं स्वतःचा काढून नंबर लावला आणि आवाज मोठा केला. रिंग वाजत राहिली. कापली गेली. पुन्हा लावला. हर्षद भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला, मोठा माणूस लहान मुलासारखा.

"हॅलो, कोण?" ताईंचा आवाज, कुरकुरता.

"ताई, मी वृषाली. तुम्ही बसलाय का मशीनवर? नळी बंद करा. हातानं लावायचा चिमटा लावा आधी."

"लावलाय की. त्याच्यापायीच फोन घ्यायला टाईम लागला, एका हातानं किती करू? सकाळधरनं दोनदा लाईट झपकली बघ."

"दोनदा?"

"लागोपाठ. मी लगीच चिमटा लावला अन् बसले दहा मिनिटं. नळी दाबली तसं मशीन अडून पुन्हा पहिल्यापासनं उठलं, मग त्यो डोळा उघडला, ओरडला, बुडबुडा गेला निघून. तूच न्हाय का सांगितलं व्हतंस?"

"ते... ताई, ते मशीन नवीन आलं तेव्हा सांगितलं होतं. मागच्या अनुभवावरून. ते तर त्याच्या आधीच दुरुस्त झालेलं होतं."

"मग आता नको लावू म्हणून कवा सांगितलंस? मी आपली लावते दर टायमाला. काय झालंय गं? हर्षद बरा हाय ना?"

"बरा आहे. मशीन बंद करा, ताई. मी पुन्हा फोन करते."

हर्षद रडत होता. वृषालीला रडू आलं नाही. तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं : आपल्या माणसाला आपण सांगितलं होतं.

मॅडमनी तोवर आपल्या अधिकारात ती आवृत्ती थांबवायचा आदेश दिला होता, आणि घरोघरी मशीन खरंच थांबलं का ते बघायला बाहेरच्या सगळ्यांना फोनला बसवलं होतं. नऊ टेस्टर, चाळीस घरं. वाईमधलं घर, थांबवलं. लातूर, थांबवलं. पालघर, थांबवलं. अर्ध्या तासात एकोणचाळीस नावांपुढे बरोबरची खूण आली. चोविसावं नाव राहिलं. यवतमाळकडच्या एका खेड्यातली निवृत्त शिक्षिका, सुलोचना मेश्राम, वय त्रेसष्ट, एकट्या राहणाऱ्या. बारा वेळा फोन झाला. तेराव्यांदा शेजारच्या बाईनं उचलला.

"मेश्राम बाई का? बाई गेल्या ना काल."

उघड्या दाराबाहेरचे टेस्टर फोन खाली ठेवून इकडे वळले.

"कशानं?" वृषालीनं विचारलं.

"हार्ट अटॅक म्हणून राहिले डॉक्टर. खुर्चीतच होत्या बसलेल्या, मशीन चालूच होती. लाईटचं तर विचारूच नका, काल दुपारपासून नुसता खेळ चालला होता. तुम्ही कोण? विद्यार्थी का बाईंचे?"

"नाही," वृषाली म्हणाली. "कोणी नाही."

मॅडमनी त्या मशीनची आतली नोंद उघडली. बुधवार. संध्याकाळी पाच वाजून बावीस मिनिटांनी लाईट गेली, आली, गेली, आली. पंप सुरू. डोळा बंद. उपचार सुरळीत चालू आहे. चार तास पुरे होईपर्यंत सुरळीत चालूच होता. आणि घरून तक्रार आलेली नव्हती, कारण तक्रार कोण करणार? तराजूच्या लेखी ते घर अजून सगळ्यांत स्थिर होतं.

पाच बावीस. वृषालीनं नळीतून जाणारी हवेची कांडी बघितली ती एक चाळीसला. तिच्या हातापासून नोंदीचा संगणक चार पावलांवर होता. एक शिक्का, दहा मिनिटं, की ते मशीन दुपारी दोनच्या आत थांबलं असतं. ती चार पावलं सोडून वीस पावलं चालत नवऱ्याच्या टेबलाशी गेली होती, हळू आवाजात सांगायला.

"ते हार्ट अटॅक म्हणतायत ना," हर्षद जमिनीकडे बघत म्हणाला. कोणाला उद्देशून म्हणाला ते कळलं नाही. "डॉक्टर म्हणतायत."

त्याला कोणी गप्प केलं नाही. मॅडम टेबलावरचा चष्मा न्याहाळत राहिल्या. दाराबाहेर आठही टेस्टर जागच्या जागी. सगळे थांबले होते, आणि कशासाठी थांबले होते ते वृषालीला स्वच्छ कळलं. तिनं आता गप्प बसावं. आवृत्ती परत घेतली जाईल, एकोणसत्तर ओळी गुपचूप जागेवर जातील, ताई वाचल्या, सगळे वाचले. एका बाईंना हार्ट अटॅक आला.

ती उठून बाहेर मोठ्या पडद्याखालच्या संगणकावर जाऊन बसली. कॅलेंडरची पानं मांडीवर घेतली. पहिली नोंद उघडली.

चूक : लागोपाठ दोनदा लाईट गेल्यास डोळा उघडत नाही. आढळल्याची तारीख : तिनं सहा वर्षांपूर्वीची घातली. कोणाला आढळली : वृषाली हर्षद फडतरे. कोणाला कळवली : नवऱ्याला, नणंदेला. कोणाला कळवली नाही, असा रकाना त्या फॉर्मवर नव्हता. तिनं तो शेऱ्यात लिहिला : सुलोचना मेश्राम यांना. शिक्का : जीवघेणा.

मग दुसरी. मग तिसरी. साडेअकरापर्यंत एकोणसत्तर.

शेवटची नोंद गेली आणि पडद्यावरचं वाटप ढवळून निघालं. रंगांचे तास कोसळले, भाषेचे कोसळले. वीज-परत चारावरून चढत चढत सहाशे अकरावर जाऊन थांबलं. तराजूनं आपलं काम केलं होतं. त्यानं नेहमीच केलं होतं.

त्याच्या खाली अजून चार ओळी होत्या. मीठ-पाण्याचं प्रमाण : शून्य. नळीचा दाब : शून्य. धोक्याची घंटा : शून्य. वजनाची मोजणी : शून्य. या चार शून्यांची माणसं त्याच खोलीत, तिच्या मागे, आपापल्या खुर्च्यांत बसलेली होती. वृषाली वळली आणि एकेकाकडे बघत राहिली. कोणाची मान वर झाली नाही.

थोड्या वेळानं एक खुर्ची सरकली. धोक्याची घंटा तपासणारा निकम, शेवटच्या रांगेतला, शांत माणूस. तो तिच्याजवळ आला. तिच्या खांद्यावर हात ठेवला, खाली वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "वृषालीताई, जरा बाहेर येता का? एक सांगायचं होतं."

वृषाली खुर्चीवरून उठली. तिनं ती खुर्ची निकमकडे ढकलली, आणि नवा कोरा फॉर्म उघडून कीबोर्ड त्याच्यापुढे ठेवला.